चार आण्याचा सर्व्हर, बारा आण्याची रांग

दिवसाला दोनशे ऑर्डरी घेणाऱ्या संकेतस्थळाला कामांची रांग लावायला रॅबिटएमक्यू लागत नाही. सेलेरी लागत नाही, रेडिसही लागत नाही. तिथे जो डेटाबेस आधीपासून चालू आहे, त्यातलं एक टेबल आणि त्या टेबलावर नजर ठेवणारा एक प्रोसेस, एवढ्यावर काम भागतं. नुसतं भागत नाही, जास्त भरवशाचं होतं.

यावर डेव्हलपर मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: ‘पण सर, उद्या स्केल झालं तर?’ त्या ‘तर’पायी छोट्या धंद्यांचे किती पैसे आणि किती रात्री वाया जातात, ते आज लिहायचं आहे.

उदाहरण पुण्याचं घेऊ. समजा, एक छोटा प्रकाशक आहे. वर्षभर पुस्तकं विकतो आणि पावसाळा संपत आला की दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी सुरू करतो. भाड्याचा सर्व्हर एकच: दोन कोअर, दोन जीबी रॅम. त्यावर जँगोत लिहिलेलं संकेतस्थळ, ते चालवणारा गनिकॉर्न आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. ग्राहकाने पैसे भरले की पावतीची पीडीएफ करायची, ती ईमेलने पाठवायची आणि गठ्ठे बांधणाऱ्यांसाठी पत्त्याचं लेबल काढून ठेवायचं.

यातली पीडीएफ साधी गोष्ट नाही, कारण पावती मराठीत आहे. पायथॉन लिहिणाऱ्याचा हात पीडीएफ म्हटलं की आधी रिपोर्टलॅबकडे जातो. इंग्रजीला ते झकास चालतं. पण देवनागरीची अक्षरं जुळवणं त्याला कित्येक वर्षं येतच नव्हतं. युनिकोडमध्ये चिन्हं ज्या क्रमाने साठवलेली, त्याच क्रमाने ती कागदावर एकापुढे एक मांडली जायची. मग ‘दिवाळी’तली पहिली वेलांटी ‘द’ सोडून ‘व’वर जाऊन बसायची आणि पावतीवर ‘दविाळी अंक’ उमटायचं. ज्ञानेश्वर नावाच्या वर्गणीदाराचा ज्ञ फुटून ज, त्याखाली हलन्त आणि शेजारी ञ असे तुकडे पडायचे. मराठी पुस्तकं विकणाऱ्याने आपल्याच वर्गणीदाराला असं नाव छापून पाठवणं मला सहन होत नाही, आणि कुणालाही होऊ नये. म्हणून जाणती मंडळी वीझीप्रिंट वापरतात किंवा पडद्याआड क्रोम चालवून त्याच्याकडून पीडीएफ करून घेतात. वीझीप्रिंटच्या पोटात पँगो आणि हार्फबझ असतात, ते जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागच्या जागी बसवतात. त्याची किंमत वेळात मोजावी लागते. छोट्या सर्व्हरवर एका पावतीला तीन सेकंद धरून चला.

हे तीन सेकंद वेब रिक्वेस्टच्या आतच खर्च केले तर काय होतं ते बघा. पैसे भरले गेले की पेमेंट गेटवे तुमच्या सर्व्हरला निरोप धाडतो आणि ठरलेल्या काही सेकंदांत ‘मिळाला’ अशी पोच मागतो. तुम्ही त्याच रिक्वेस्टमध्ये पीडीएफ करायला घेतली, मग ईमेलच्या सर्व्हरशी बोलायला लागलात, आणि तो सर्व्हर नेमका त्या दिवशी सुस्त निघाला. पोच आली नाही म्हणजे निरोप मिळाला नाही असं धरून गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. आता तीच पीडीएफ दुसऱ्यांदा. इकडे गनिकॉर्नची मूळ मुदत तीस सेकंदांची. साधा सिंक वर्कर तेवढा वेळ अडकून राहिला की गनिकॉर्न त्याला मारतो आणि नवा उभा करतो, हातातलं काम अर्धवट टाकून. एका ग्राहकाला दोन पावत्या जातात, दुसऱ्याला एकही जात नाही, आणि प्रकाशकाच्या फोनला उसंत राहत नाही.

तेव्हा रांग हवी. गेटवेला ताबडतोब पोच द्यायची, काम रांगेत टाकायचं आणि मागे बसलेल्या वर्करने ते सावकाश उरकायचं. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. बिघडतं ते यापुढे, कारण साधा गुणाकार कुणी करत नाही.

दोनशे ऑर्डरी गुणिले तीन सेकंद म्हणजे सहाशे सेकंद. दहा मिनिटं. चोवीस तासांत दहा मिनिटं! दिवाळीच्या तोंडावर गर्दी दहापट झाली, तर शंभर मिनिटं. एकच वर्कर, एका वेळी एकच काम, तरी तो दिवसातले बावीस तास रिकामा असतो.

गर्दी दिवसभर सारखी येत नाही, हे मान्य. जेवणं आटोपली की सगळे मोबाइल घेऊन बसतात. त्याचंही गणित आहे आणि ते जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एर्लांग याने १९०९ साली टेलिफोनच्या संभाषणांवर संभाव्यतेचं गणित लावणारा निबंध प्रसिद्ध केला. (त्याच वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. हा योगायोग मला फार आवडतो.) पुढे एर्लांगच्या निबंधातून रांगांचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. त्यातलं सगळ्यात साधं गणित असं: कामं येण्याची वेळ आणि त्यांना लागणारा वेळ, दोन्ही अनियमित असतील आणि वर्कर एकच असेल, तर तो निम्मा वेळ कामात असताना सरासरी एक काम आत असतं. ऐंशी टक्के वेळ कामात असेल तर चार, नव्वद टक्के असेल तर नऊ, पंचाण्णव टक्के असेल तर एकोणीस. म्हणजे वर्कर जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत रांग फुगत नाही, आणि मग एकदम फुगते.

आपल्या प्रकाशकाच्या त्या दहापट गर्दीच्या दिवशी निम्म्या ऑर्डरी, म्हणजे हजार, रात्रीच्या दोन तासांत आल्या असं धरा. काम तीन हजार सेकंदांचं, हाताशी वेळ सात हजार दोनशे सेकंदांचा. वर्कर बेचाळीस टक्के कामात. वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्री! वर्गणीदाराला पावती काही सेकंद उशिरा मिळेल, त्याच्या ते लक्षातही येणार नाही.

आणि एवढ्यासाठी बसवलं काय जातं? सेलेरी. आस्क सोलेम यांनी २००९ मध्ये बाहेर आणलेला हा प्रकल्प दांडगा आहे. इन्स्टाग्रामसारख्यांची ओझी त्याने वाहिली आहेत, त्याच्याविषयी मला आदर आहे. पण दोन कोअरच्या सर्व्हरवर त्याचा संसार मोजा: एक मुख्य वर्कर, कोअरमागे एक याप्रमाणे त्याचे दोन पोटप्रोसेस, वेळापत्रक सांभाळायला बीट, काय चाललंय ते बघायला फ्लॉवर, आणि मध्ये ब्रोकर म्हणून रॅबिटएमक्यू किंवा रेडिस. झाले सहा. रॅबिटएमक्यू ज्या भाषेत लिहिला आहे तिचं नावही एर्लांग. एरिक्सन कंपनीने ती टेलिफोन एक्स्चेंज चालवण्यासाठी घडवली. अख्खं एक्स्चेंज सांभाळू शकणारी यंत्रणा दिवसाला दहा मिनिटांच्या पावत्यांसाठी उभी करायची आणि तिचं भाडं प्रकाशकाने भरायचं, याला मी हौस म्हणतो. दुसऱ्याच्या पैशांनी केलेली हौस.

रॅमचा खर्च निदान दिसतो. दोन जीबीत पोस्टग्रेस, गनिकॉर्न आणि हे सहा जण दाटीवाटीने बसले, त्यात पीडीएफसाठी क्रोमने मेमरी मागितली, की लिनक्सचा ओओएम किलर जागा होतो आणि मेमरी धरून बसलेल्यांपैकी एकाला ठार करतो. कधी कधी तो पोस्टग्रेसचा प्रोसेस असतो.

मूळ सेटिंगमध्ये दडलेला खर्च मात्र दिसत नाही. रेडिस सगळा डेटा मेमरीत ठेवतो आणि मूळ सेटिंगवर अधूनमधून डिस्कवर उतरवतो. बदल थोडेच होत असतील तर हे उतरवणं तासाभराने होतं. म्हणजे दुकान जितकं छोटं तितका धोका मोठा. त्या तासात मशीन अचानक बंद पडलं, तर तेवढ्यात रांगेत आलेल्या कामांचा मागमूस राहत नाही. एओएफ, म्हणजे प्रत्येक बदल डिस्कवरच्या फाइलीत लिहीत जाणं, चालू केलं की हे बरंचसं टळतं, पण ते चालू करायचं असतं हे आधी ठाऊक हवं ना! सेलेरीचं तसंच. मूळ सेटिंगवर वर्कर काम सुरू करण्याच्या आधीच ‘मिळालं’ अशी पोच देऊन मोकळा होतो. पीडीएफच्या मधोमध तो मेला, तर ते काम गेलं. आणि सेलेरी रेडिससोबत चालवत असाल, तर ‘दोन तासांनी आठवणीचा ईमेल पाठव’ असं कधी सांगू नका. रेडिसवर पोच मिळण्याची मूळ मुदत एक तासाची आहे. तेवढ्यात पोच आली नाही की तेच काम पुन्हा वाटलं जातं, आणि एका वर्गणीदाराला एकच आठवण दोनदा-तीनदा जाते. हे सेलेरीच्या अधिकृत माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे. ती माहिती न वाचता सेलेरी बसवणाऱ्यांवर माझा राग आहे.

तरी हे सगळं सेटिंग बदलून सुटेल. जे सेटिंगने सुटत नाही तो माझा खरा आक्षेप.

ऑर्डर पोस्टग्रेसमध्ये आणि काम रेडिसमध्ये, म्हणजे नोंदी दोन, जागा दोन, आणि दोघांना बांधून ठेवणारं काहीच नाही. ऑर्डरचं ट्रान्झॅक्शन अजून कमिट व्हायचं आहे, तोवर तुम्ही काम रेडिसमध्ये टाकलं, तर वर्कर इतका चपळ असतो की ऑर्डर दिसायच्या आत तिला शोधायला जातो आणि ‘अशी ऑर्डरच नाही’ म्हणून कोसळतो. यासाठी जँगोने १.९ आवृत्तीपासून सोय दिली: कमिट झालं की मगच काम टाकायचं. चांगली सोय आहे. पण कमिट झालं आणि काम टाकायच्या आत सर्व्हर रीस्टार्ट झाला तर? ऑर्डर आहे, पैसे जमा आहेत, पावतीचं काम कुठेही नाही. लॉगमध्येसुद्धा काही सापडणार नाही, कारण काही चुकलंच नाही. एक गोष्ट घडायची फक्त राहून गेली. अशी भानगड उघडकीला येते ती वर्गणीदाराच्या संतापलेल्या फोनने, आणि तोवर त्या दिवसाचे लॉग पुसलेही गेलेले असतात.

कामाचं टेबल त्याच पोस्टग्रेसमध्ये ठेवा. ऑर्डरची रो आणि कामाची रो एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. दोन्ही लिहिल्या जातील, नाहीतर एकही लिहिली जाणार नाही. ही हमी पोस्टग्रेस आजही तुम्हाला देतोच आहे, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि डेटाबेसाच्या बाहेर बसलेला ब्रोकर ती सहजासहजी देऊ शकत नाही. बॅकअपही एकच. ऑर्डरी परत आणल्या की त्यांची राहिलेली कामंही त्यांच्यासोबत परत येतात.

‘डेटाबेसात रांग ठेवायची नसते’ हे वाक्य मात्र अजून तोंडोतोंडी फिरतं. ते कधीकाळी खरं होतं. दोन वर्कर एकाच वेळी सगळ्यात जुनं काम मागायचे, दोघांना एकच रो दिसायची, पहिला तिला कुलूप घालायचा आणि दुसरा कुलूप उघडायची वाट बघत ताटकळायचा. वर्कर वाढवले तर ताटकळणारेच वाढायचे. मग २०१६च्या जानेवारीत पोस्टग्रेस ९.५ आलं आणि त्यात थॉमस मन्रो यांनी घातलेलं ‘स्किप लॉक्ड’ आलं. अर्थ एवढाच: कुलूप असलेली रो दिसली तर थांबू नकोस, पुढची घे. दोन शब्दांनी सगळी गाठ सुटली. मायएसक्यूएलमध्ये हीच सोय ८.० आवृत्तीपासून आहे, मारियाडीबीत १०.६ पासून. जुनं वाक्य अजून शिकवणाऱ्यांनी एवढी उजळणी करायला हरकत नाही.

मोठ्या फ्रेमवर्कवाल्यांनी ती केली आहे. मार्च २०२४च्या लाराव्हेल ११ मध्ये नवा प्रकल्प सुरू केला की रांगेसाठी मूळ पर्याय म्हणून डेटाबेसच पुढे येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या रेल्स ८ ने सॉलिड क्यू ही डेटाबेसावरची रांग मूळ पर्याय केली. ती थर्टीसेव्हन सिग्नल्स कंपनीने आपल्या ‘हे’ या ईमेल सेवेसाठी वापरून तावून-सुलाखून घेतलेली आहे. ईमेल सेवा, म्हणजे आपल्या प्रकाशकापेक्षा कितीतरी मोठी गर्दी! डिसेंबर २०२५च्या जँगो ६.० मध्ये कामं मांडायची एकसारखी पद्धत आली. तिच्यासोबत प्रत्यक्ष काम उपसणारा वर्कर मात्र येत नाही, तो तुम्ही निवडायचा असतो. ज्यांचं दुकान वूकॉमर्सवर आहे ते तर नकळत याच वाटेवर आहेत, कारण त्यातला ॲक्शन शेड्यूलर डेटाबेसातल्या टेबलांवरच चालतो. त्यांनी एकच करावं: वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन कुणी पानावर आलं तरच हलतो, म्हणून तो बंद करून सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनला ते काम द्यावं. रात्री तीनला वाचक येत नाहीत म्हणून कामं थांबायला नकोत.

टेबल कसं असावं? कामाचं नाव, ऑर्डरचा क्रमांक, स्थिती, आतापर्यंतचे प्रयत्न, पुढे कधी करायचं ती वेळ, कुणीतरी हातात घेतल्याची वेळ, आणि शेवटच्या चुकीचा मजकूर. एवढे रकाने पुरतात. ‘कामाचं नाव आणि ऑर्डरचा क्रमांक’ या जोडीवर युनिकची अट घाला. गेटवेने तोच निरोप पुन्हा पाठवला तरी दुसरी रो बनणारच नाही. दोन पावत्यांचा प्रश्न डेटाबेसानेच दारात अडवला.

वर्कर काम कसं घेतो, यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे सफाईदार दिसणारी एक युक्ती दगा देते. ती अशी: ट्रान्झॅक्शन उघडा, ‘स्किप लॉक्ड’ने एक रो धरा, ट्रान्झॅक्शन उघडं ठेवूनच पीडीएफ करा, मग रो पूर्ण झाली म्हणून कमिट करा. वर्कर मधेच मेला तर कनेक्शन तुटतं, कुलूप आपोआप सुटतं, काम पुन्हा रांगेत. फारच छान वाटतं. पण समजा एखाद्या ऑर्डरीत कुणी भेटसंदेशासोबत आठ हजार पिक्सेल रुंदीचा फोटो चढवला आहे आणि पीडीएफ करताना त्यापायी मेमरी संपते. ओओएम किलर वर्करला मारतो. ट्रान्झॅक्शन मागे फिरतं, आणि त्यासोबत ‘प्रयत्न: एक’ ही नोंदसुद्धा मागे फिरते. सिस्टीमडी वर्करला पुन्हा उभं करतो. तो सगळ्यात जुनं काम उचलतो, म्हणजे तेच. पुन्हा मरतो. प्रयत्नांचा आकडा कायम शून्य, त्यामुळे ‘पाच प्रयत्नांनंतर सोडून दे’ हा तुमचा नियम कधीच लागू होत नाही. एका फोटोमागे पावत्यांची सगळी रांग रात्रभर उभी.

म्हणून आधी एक छोटं ट्रान्झॅक्शन: रो धरा, प्रयत्नांत एक मिळवा, घेतल्याची वेळ लिहा, कमिट करा. मग बाहेर येऊन निवांत पीडीएफ. झाली की दुसरं छोटं ट्रान्झॅक्शन: ‘पूर्ण’. दहा मिनिटांहून जास्त वेळ ‘घेतलं’ अवस्थेत पडून राहिलेली रो पुन्हा मोकळी समजायची. पाच प्रयत्न भरले की तिला बाजूला ठेवायचं, पुसायचं नाही. २००७च्या सुमाराला कीथ रॅरिक यांनी लिहिलेल्या बीन्स्टॉकडी या चिमुकल्या रांगेत यासाठी ‘बरी’ नावाचा वेगळा हुकूमच आहे: काम पुरून ठेवायचं, माणसाने बघितलं की ‘किक’ देऊन वर काढायचं. ही जोडी आपल्या टेबलातही ठेवावी. फसलेलं काम माणसाच्या नजरेस पडलंच पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही. त्या रोमागे पैसे भरलेला एक माणूस आहे.

दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्या. ईमेल पोचवणाऱ्या पोस्टफिक्सकडून हे शिकता येतं. समोरचा सर्व्हर दाद देत नसेल तर त्याच्या मूळ सेटिंगमध्ये आधी पाच मिनिटं थांबणं आहे, मग वाढत वाढत तासाभराच्या थोडं पुढे, आणि पाच दिवसांनंतर निरोप पाठवणाऱ्याकडे परत. १९९८ मध्ये व्हित्से व्हेनेमा यांनी पोस्टफिक्स जगासमोर आणला, तेव्हापासून या धीराच्या जोरावर जगातलं बरंचसं टपाल चाललंय. दर सेकंदाला दार ठोठावणारा वर्कर समोरच्या आजारी सर्व्हरला आणखी आजारी करतो.

एक गोष्ट कुठलीच रांग देत नाही: काम नेमकं एकदाच होईल याची खात्री. ईमेल गेला आणि ‘पूर्ण’ लिहायच्या आत वीज गेली, तर तो ईमेल पुन्हा जाणार. जो विक्रेता याची हमी देतो त्याच्यापासून दूर राहा. तुमच्या हातात इतकंच आहे की दुसऱ्यांदा झालं तरी नुकसान होऊ नये. पावतीचा क्रमांक ऑर्डरसोबतच ठरवा, पीडीएफ करताना नवा काढू नका. मग तोच ईमेल दोनदा गेला तरी पावती एकच राहते, आणि हिशेबनीस वैतागत नाही.

बाकीचे पर्याय झटपट. वेब प्रोसेसमध्येच थ्रेड सोडून देणं, किंवा फास्टएपीआयमधलं ‘बॅकग्राउंड टास्क’: उत्तर गेल्यावर त्याच प्रोसेसमध्ये काम चालतं, आणि तुम्ही नवा कोड चढवलात की प्रोसेससोबत तेही जातं. गेलं तरी चालेल अशा कामालाच ते वापरा. पावती तशी नाही. डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर चार्ल्स लायफर यांचं ह्युई बघा, ते एसक्यूलाइटवर रांग ठेवू शकतं. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं, म्हणून वॉल मोड चालू करा, वाट बघण्याची मुदत थोडी वाढवा आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून पीडीएफ करू नका. रेडिस आधीपासून दुसऱ्या कशासाठी तरी चालू असेल आणि एखादं काम हरवणं परवडत असेल, तर आरक्यू सुटसुटीत आहे. बीन्स्टॉकडी हलकं आणि गोड, मात्र कामं डिस्कवर लिहायला त्याला वेगळं सांगावं लागतं, आणि दोन जागा, दोन नोंदी ही अडचण तिथेही सुटत नाही. रात्रीच्या हिशेबासाठी तर साधा क्रॉन, आणि तेच काम एकाच वेळी दोनदा सुरू होऊ नये म्हणून फ्लॉकसोबत. त्यात कमीपणा काही नाही.

‘स्केल झालं तर’ याचं उत्तर राहिलं. सेकंदाला हजारो कामं येऊ लागली, वर्कर कित्येक मशीनवर पसरले, एक घटना दहा ठिकाणी कळवायची वेळ आली, की टेबलाची दमछाक होते. पोस्टग्रेसमध्ये बदललेल्या रोंचे जुने अवशेष साठत जातात आणि व्हॅक्यूमला ते आवरेनासे होतात. तेव्हा रॅबिटएमक्यू आणा, रेडिस आणा, मीच सांगेन. (रेडिस आणताना परवान्याकडे बघा. २०२४च्या मार्चमध्ये त्याचा परवाना बदलला, त्यावरून व्हॅल्की नावाची वेगळी फांदी फुटली, आणि २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्यायही आला. प्रत्येक नवा भाग आपली अशी घरची भांडणं सोबत आणतो.) काम टाकण्याचा कोड एकाच फंक्शनमध्ये ठेवला असेल तर बदल मोठा होत नाही. तो दिवस उगवला म्हणजे प्रकाशकाकडे बदलाचे पैसेही आले असतील. आज त्याच्याकडे ते नाहीत, आणि जो ते त्याच्याकडून आज काढतो, त्याने निदान वरचा गुणाकार त्याला कागदावर करून दाखवावा.

आजच्या आज करण्यासारख्या मात्र दोन गोष्टी आहेत. वर्करला सिस्टीमडीखाली चालवा, मेला तर पुन्हा उठेल अशी सोय ठेवा, आणि त्याच्या मेमरीला वरची मर्यादा घाला, म्हणजे मोठ्या फोटोपायी तो एकटाच पडेल, पोस्टग्रेसला सोबत नेणार नाही. मग रांगेवर नजर ठेवा. किती कामं थकली आहेत ते मोजून फारसं कळत नाही. हजार कामं दहा मिनिटांपूर्वीची असतील तर ती गर्दी आहे, तीनच कामं कालपासूनची असतील तर तो बिघाड आहे. म्हणून सगळ्यात जुनं न झालेलं काम किती वेळ थांबलं आहे, एवढं एकच विचारा. त्याला एक ओळीची क्वेरी पुरते. उत्तर पंधरा मिनिटांच्या वर गेलं की डेव्हलपरला निरोप जाऊ द्या. तो निरोप त्याच रांगेतून पाठवू नका. रांग अडली असेल तर तोही तिच्यातच अडकेल. वेगळ्या क्रॉनमधून, थेट पाठवा, आणि प्रकाशकाच्या नव्हे, स्वतःच्या फोनवर.